सोमवारचा डबा

"डबा कोण धुतंय ते आधी बघ, मेघे. साखर मागनं चाख."

केसरआत्या हे म्हणाली तेव्हा मी आरशासमोर टिकली लावत होते. मी हसले. आत्याची शाळा तिसरीत सुटलेली आणि मी रसायनशास्त्राची बी.एस्सी., दिवसाला चाळीस मातीचे नमुने तपासणारी. मला ही काय तपासायला शिकवणार?

आज माझी आमू चौदा महिन्यांची आहे. तिचा भात मी आधी ओठाला लावून बघते. मग पुन्हा बघते. दुधाचं भांडं हुंगते, गादीखाली हात फिरवून बघते. नवरा म्हणतो, "अगं, एकदा बघितलंस ना?" पण माझं एकदा बघून भागत नाही. कारण एकदा, फक्त एकदा, मी बघायचं ते बघितलं नव्हतं.

सुरुवातही डब्यानंच झाली होती.

बारामतीतल्या एका खासगी माती परीक्षण प्रयोगशाळेत मी कामाला होते. सांगवीहून सकाळच्या एसटीनं यायचं, संध्याकाळी परत. एका दुपारी जेवायला बसले, डबा उघडला… आणि आत भाकरी नव्हतीच. काळी, ओलसर, भुसभुशीत माती होती. काठोकाठ.

मी बघतच राहिले. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मॅडम… तुमची माती लई झणझणीत हाय."

उंच, उन्हानं रापलेला एक जण उभा होता. हातात माझा उघडा डबा. अख्ख्या खोलीत सुकटीचा वास पसरलेला.

"तो माझा डबा आहे!"

"आन् तो माझा नमुना." त्यानं डबा लांब हातानं माझ्यासमोर धरला. "वाटंत पिशवी फाटली, म्हणून डब्यात भरली. डबे सारखेच निघाले. तुमी खाल्ली न्हाय ना?"

"अजून एक मिनिट उशीर केला असतात तर घास घेतला असता."

"मग बरंच झालं असतं की. मशीन न लावता रिपोर्ट मिळाला असता."

मला हसू आवरेना. तो मात्र माझ्या डब्याकडे चोरून बघत होता. "हे काय असतंय?"

"सुकट. कांदा घालून. खात नाही तुम्ही?"

"आमच्यात न्हाय चालत. अंडंसुद्धा न्हाय." मग जरा थांबून, मान खाली घालून, "वास वाईट न्हाय पण."

ऋषिराज त्याचं नाव. घर निमगाव केतकीच्या पुढे, कालव्याच्या अंगाला. ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत फिरतीची नोकरी होती. इंदापूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या मातीच्या पिशव्या गोळा करायच्या आणि सोमवारी-बुधवारी आमच्याकडे आणून टाकायच्या. त्या डब्यातली माती त्याच्या वडिलांच्या रानातली होती. वर्षानुवर्षं ऊस आणि वर्षानुवर्षं पाणी. खाली साचलेला खार वर येऊन जमीन पांढरी पडत चाललेली.

"तुमच्या मातीत मीठ फार आहे," मी पुढच्या सोमवारी सांगितलं.

"मॅडमच्या बोलण्यात त्याहून जास्त हाय."

प्रत्येक नमुन्याबरोबर एक चिठ्ठी असते. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, आधीचं पीक, पुढचं पीक. शंभरातल्या नव्वद जणांचं आधीचंही ऊस आणि पुढचंही ऊस. एका सोमवारी पिशव्या लावताना एक चिठ्ठी हातात आली. अक्षर ओळखीचं. आधीचं पीक : ऊस. पुढचं पीक : मॅडम सांगतील ते.

मी ती चिठ्ठी ओढणीच्या टोकात गुंडाळून घरी नेली.

नंतर चिठ्ठ्या वाढत गेल्या. पुढचं पीक : चहा, स्टँडसमोर, साडेपाच. पुढचं पीक : मागच्या सोमवारी हसला होतात तेच. एकदा साहेबांच्याच हातात एक चिठ्ठी पडली. ते चष्मा वर करून म्हणाले, "मेघना, हे ‘हिरवा ड्रेस’ कुठलं वाण आहे?" मी मान वर केलीच नाही. तो कोपऱ्यात पिशव्या मोजायचं नाटक करत होता, आणि त्याचे खांदे हसून हलत होते.

असं कुणी आपल्याला हसवलं की माणूस बाकीचं मोजायचं विसरतो.

जेठ सरता सरता आम्ही कालव्याच्या पुलाजवळ बसलो होतो. भुरभुर पाऊस, धड भिजवेना, धड थांबेना. त्यानं त्याचा रुमाल माझ्या डोक्यावर टाकला, मग तो सरळ करण्याच्या निमित्तानं हात तिथंच राहिला…

"घरी सांगायचंय," तो म्हणाला.

"सांग ना मग."

"आईची एकच अडचण असंल."

"जात," मी म्हणाले. सरळ म्हणाले. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. त्यांच्यापासून आमच्या घरात कुणी मान खाली घालून बोलत नाही.

तो पाण्याकडे बघत राहिला. "ते मी बघतो. पण खाण्याचं तिला लई हाय. स्वैपाकघरात वास जरी आला तरी…"

"म्हणजे मी मटण सोडलं की जात सुटते?"

"तसं न्हाय गं…"

पहिल्यांदाच तो मला ‘गं’ म्हणाला होता. अंगभर काहीतरी लहरत गेलं आणि माझा प्रश्न तिथंच पुलावर राहिला. त्याचं उत्तर मी नंतर मागितलंच नाही.

"तीन-चार महिने सोडून बघ," तो म्हणाला. "तुझ्या हातचं साधं, घरचं, शाकाहारी… मी आईला नेऊन देत जाईन. आधी हाताची चव कळू दे. मग मी म्हणंन, ही बघ. आपल्यापेक्षा सोवळी हाय."

मला तो शब्द टोचायला हवा होता. नाही टोचला.

घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "शाकाहारी व्हायचंय? मग रोज आपण काय खातो? काल पिठलं, परवा आमटी, आज शेपू. रविवारी एक दिवस रस्सा होतो. तेवढ्या एका दिवसावरनं त्यांनी आपल्याला मोजलं व्हय?"

थोरला भाऊ बुद्धघोष म्हणाला, "आता हिला दावणीलाच बांधा. वैरण टाकतो मी."

"दादा, गप ना."

"हंबरडं नको फोडू पण रविवारी."

आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांच्याकडे वडगाव निंबाळकरचं एक स्थळ येऊन थांबलं होतं. ते म्हणाले, "आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागतोय. विहारात वाचन आहे, तू तसंही तीन महिने सात्त्विकच खाणार म्हण. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेल. तोवर त्याच्या आईचा होकार आण. मी स्वतः त्यांच्या दारात जाईन, मानानं. नाही आला, तर वडगावच्यांना बोलावीन. मग रडायचं नाही."

"नाही रडणार."

आणि मी स्वयंपाकाला लागले.

रस्सा मला डोळे मिटून यायचा. भाज्या मात्र आईच्या हातच्या, तिच्या घाईतल्या, मी कधी नीट बघितल्याच नव्हत्या. मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात घट्ट बांधायची, दुसऱ्या दिवशी मोड बोटभर होतात. शेपूत मूठभर मुगाची डाळ घातली की तिचा उग्रपणा मऊ होतो. पिठलं तर दहा मिनिटांचं काम. लसूण लाल होऊ द्यायचा, पाणी उकळू द्यायचं आणि पीठ एका हातानं भुरभुरत दुसऱ्या हातानं हलवत राहायचं, म्हणजे गुठळी होत नाही. दोडक्याच्या शिरा फेकायच्या नाहीत, तीळ घालून चटणी होते. सगळं साधं, अर्ध्या तासात होणारं. रविवारी खालून रश्श्याचा वास आला की मी ताट घेऊन गच्चीवर जायचे. तिसऱ्या रविवारी डोळ्यांत पाणी आलं. रश्श्यासाठी आलं म्हणायची लाज वाटली, म्हणून कांद्याचं नाव सांगितलं. ताटात कांदा नव्हताच.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी पहिला डबा दिला. मटकीची उसळ, दोन ज्वारीच्या भाकरी. त्यानं तो बाइकच्या हँडलला अडकवला. "जपून ने," मी म्हटलं. "उसळीला की डब्याला?" तो म्हणाला. "मला," मी म्हटलं, आणि पळाले.

बुधवारी डबा परत आला. लखलखीत घासलेला. झाकण उघडलं तर बुडाशी चिमूटभर साखर.

रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही रीत तुमच्याकडे असेल, आमच्याकडेही आहे. शेजारणीची वाटी परत करताना आई तिच्यात काही नाही तर चार शेंगदाणे टाकतेच. म्हणजे त्या घरानं मला रीतीत धरलं होतं!

"आईंनी घातली?" मी विचारलं.

तो गॉगल पुसत होता. पुसत राहिला. "मग… दुसरं कोण घालणार?"

त्याच संध्याकाळी मी ती साखर केसरआत्याच्या हातावर ठेवली. आणि तिनं ती न खाता मला वर सांगितलेलं वाक्य ऐकवलं. "आत्या, सासूच धुणार ना डबा," मी टिकली लावत म्हटलं. "तू इचारलंस का बघितलंस?" ती म्हणाली. मी हसले.

नंतर सोमवारांची रांगच लागली. दोडक्यात मीठ जास्त पडलं, तर डब्यातून गुळाचा खडा आला. मी तो खडा आठवडाभर चघळला, किती गोड रागावणं! मला ताप आला, डबा चुलतबहिणीनं करून दिला, तर परत येताना त्यात सुंठेचा तुकडा. एकदा डाळिंबाचे दाणे. एकदा कढीपत्त्याची कोवळी डहाळी. आणि सहाव्या सोमवारनंतर डब्यात निघाली मूठभर कच्ची मटकी.

मटकी! म्हणजे पुन्हा कर, असं सांगणं होतं ते. मी प्रयोगशाळेत एकटीच गोल फिरले.

खरं सांगू? त्या दिवसांत मी त्याच्यापेक्षा त्याच्या आईच्याच प्रेमात जास्त होते. कधीही न पाहिलेली ती बाई माझ्या उसळीची वाट बघत होती. त्याच्याशी बोलतानाही मी तिच्याबद्दलच विचारायचे. त्यांना तिखट चालतं का? त्यांचे गुडघे दुखतात का?

"आता लगीन माझ्याशी करणार का आईशी?" तो म्हणायचा.

"आधी आईंशी. तुझं नंतर बघू."

"मग मी काय करू?"

"डबे पोचव."

तो हसायचा, पण लगेच दुसरीकडे बघायचा. एका सोमवारी त्यानं माझा हात हातात घेतला तेव्हा त्याच्या बोटांना लवंग-मिऱ्याचा, चरबट असा वास आला. आमच्या रविवारच्या हातांना येतो तसा. "कसला वास रे?" "ठिबकच्या नळ्यांचा," तो म्हणाला. हाताला येणारे सगळे वास मला ओळखता येतात. तो मी ओळखला नाही. ओळखायचा नव्हता.

दहावा सोमवार. आश्विन पौर्णिमा चार दिवसांवर. "या आठवड्यात सांगतो आईला. नक्की," तो म्हणाला होता. सकाळी डबा घेऊन तो गेला, मटकीच होती. डबा घरी टाकून पुढं कंपनीच्या कामानं त्याला इंदापूरला जायचं होतं. दहा वाजता साहेबांनी मला बोलावलं. "ते निमगाव केतकीचं पांढरं पडलेलं रान, त्याचे आकडे जुळत नाहीत. गाडी जातेय तिकडं. गोकुळबरोबर जा, नमुना स्वतः काढून आण."

गोकुळ म्हणजे आमचा ड्रायव्हर. वाटेत तो म्हणाला, "मॅडम, आज आरशात लई वेळा बघताय." मी आरसा त्याच्याकडे फिरवून टाकला. मी त्याच्या आईंना बघणार होते. ओळख सांगायची नाही, नुसतं बघायचं. सांगितलीच तर… डबा आवडला का, एवढंच विचारायचं.

ओसरीवर बसून त्या मेथी निवडत होत्या. जयवंताबाई. गोऱ्या, भरल्या अंगाच्या, बोलायला मऊ.

"या मॅडम, या. ऊन लई झालंय. च्या टाकू?"

"नको, नको. मातीचा नमुना घ्यायला आलेय." मग राहवलं नाही. "आजची मटकी… बरी झाली होती का?"

"कसली मटकी?"

"डब्यातली. ऋषिराज सरांबरोबर येते ना… दर सोमवारी."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लपवाछपवी नव्हती. नुसतं कोरं आश्चर्य होतं, आणि तेच मला सहन होईना.

"कुणाचा डबा वं बाई? आज सोमवार. आमच्यात आज चूल सांजच्यालाच पेटती. ऋषी तर आज घरात आलाच न्हाय, गोठ्यात जाऊन तसाच गेला." मग माझ्याकडे निरखून बघत, "तुमी कुठल्या म्हणायच्या?"

"सांगवी."

"आडनाव?"

मी सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

तेवढंच. एक शब्द. पुन्हा मेथी हातात घेतली. "रान मागं हाय. गोठ्याकडनं जावा."

गोठ्यामागं तीन दगडांची चूल होती. तिच्यावर काळंकुट्ट झालेलं पातेलं उपडं घातलेलं, आणि खाली राखेत कुत्रं हाडं फोडत होतं. ताजी होती. कालच्या रविवारची. या घरात अंडंसुद्धा चालत नाही, ते फक्त स्वयंपाकघरात. मी तिथं उभी राहून माझे सगळे रविवार मोजले. गच्चीवरचे.

आणि मग गोठ्यात, म्हशीच्या पलीकडं, वैरणीच्या पेंढ्यांआड काहीतरी हललं.

एक बाई बसली होती. माझ्याच वयाची. सहा महिने तरी झाले असावेत तिला, पोट स्पष्ट दिसत होतं, पण बाकी अंगावर मांस म्हणून नव्हतं. मांडीवर माझा डबा. मला बघताच तिनं तो पदराखाली घेतला आणि तोंडातला घास तसाच धरून ठेवला.

"आत सांगू नका… पाया पडते, आत सांगू नका."

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "मटकी आज जरा कोरडी झालीय."

तिनं घास गिळला. मान वर केली. हळूहळू तिचे डोळे मोठे झाले. "मेघनाताई? तुमीच?" मग पदराखालून डबा बाहेर आला. "न्हाय वं, कोरडी कशानं? झ्याक झालीय. माझ्या माहेरी अशीच करत्यात."

ती राजलक्ष्मी. ऋषिराजच्या थोरल्या भावाची, विजयसिंहची बायको. दोन मुली पाठोपाठ झालेल्या. आता मुलगा व्हावा म्हणून सासूनं तिला सोळा सोमवार धरायला लावले होते, पोटात तिसरा महिना असताना. श्रावणातल्या पहिल्या सोमवारपासून. दिवसभर अन्न नाही, संध्याकाळी पूजा झाली की सगळ्यांचं वाढून झाल्यावर जेवण.

"भावजींनी पयल्या दिशी डबा हितं खिळ्याला लावला," ती म्हणाली. "म्हनले, वैनी, म्हशीला घाला न्हायतर वता कुठंतरी, घरात नेऊ नका. मी म्हशीलाच घालणार व्हते, खरंच. पर झाकण काढलं आन् वास आला… सकाळधरनं उलट्या. दोन घास खाल्ले. मग समदंच खाल्लं."

"आणि साखर?"

ती संकोचली. "रिकामा डबा कसा द्यायचा वं? ज्या बाईनं केलं तिला काय वाटंल? भावजींना इचारलं कुणाचा, तर नुसतं नाव सांगितलं तुमचं. ताप आला व्हता ते बी त्येच बोलले फोनवर कुणाशी, मी ऐकलं. सुंठ पोचली?"

"पोचली," मी म्हणाले.

साखर, गूळ, सुंठ, मूठभर मटकी. दहा आठवडे माझ्याशी जे बोलणं चाललं होतं ते हिचं होतं. जयवंताबाईंनी माझं नावही ऐकलेलं नव्हतं. या घरानं मला नाकारलं म्हणावं, तर विचारणाच कुणी केली नव्हती.

"ताई," ती हळूच म्हणाली. "एक इचारू? पुढच्या सोमवारी पातळ पिठलं द्याल? भाकरी चावताना बी दम लागतोय आता."

मी काय म्हणाले? "बघते," म्हणाले. जयवंताबाईंच्या ‘बरं’सारखंच.

"थांबा, डबा धुऊन देते."

मी थांबले नाही. माझ्या डोळ्यांपुढं ती नव्हतीच, तिच्या मागं खिळ्याला डबा अडकवून निघून जाणारा तो होता. रानात जाऊन मी माती काढली, पिशवीत भरली, चिठ्ठी लिहिली.

बुधवारी तो आला. डबा आणला नव्हता. तेच हसू. "काय मॅडम, परस्पर माझ्या घरी?"

"रविवारी काय खाल्लंस?"

हसू हळूहळू विरलं. "मेघना…"

"मी पिठलं खाल्लं. गच्चीवर. तू?"

"दादा आन् आबा करत्यात मागं. मी कधीतरी… एखादा तुकडा."

"आणि डबा म्हशीला."

"वैनीनं खाल्ला ना? मग बिघडलं काय? वाया तर न्हाय गेला."

"आईंना कधी सांगणार होतास?"

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. "येळ बघत व्हतो. तुला ठाव न्हाय आमच्या घरातलं. एकदम सांगितलं असतं तर… मला वाटलं, तू एवढं समदं सोडतीयास, तवर काहीतरी मार्ग निघंल. अजून एक वरीस थांब. मी खरंच…" त्याचे डोळे भरले होते. ते खोटे नव्हते. तेच तर वाईट आहे. त्याचं माझ्यावर प्रेम होतं, नव्वद टक्के तरी होतं. आईसमोर उभं राहून माझं नाव घेण्याएवढं नव्हतं.

"सोडायचं होतं ते मी सोडलं," मी म्हणाले. "तू काय सोडलंस?"

तो पिशव्या टेबलावर ठेवून गेला. वरच्याच चिठ्ठीवर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं : आधीचं पीक, ऊस. पुढच्या पिकाचा रकाना कोरा होता.

शुक्रवारी आश्विन पौर्णिमा झाली. आप्पांनी काही विचारलं नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि वडगावला फोन लावला. मी रडले नाही. तसं कबूलच केलं होतं.

आणि मग सोमवार आला.

सवयीनं पहाटे जाग आली. बेसनाचा डबा समोरच होता. लसूण सोललेला होता. दहा मिनिटांचं काम. ऋषिराज येणार होता, पिशव्या टाकून जाणार होता, डबा नको म्हणायची त्याची हिंमत झाली नसती. पण त्याच्या हातात आता माझी कुठलीही वस्तू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. केवढा तो बाणेदारपणा! मी बेसनाचा डबा परत फळीवर ठेवला. रविवारचा रस्सा उरला होता, तो भाकरीबरोबर खाल्ला. सगळे म्हणाले, बरं झालं, आली माणसात.

सोळातले दहा सोमवार मी पोचवले. उरलेले सहा नाही.

पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. रवींद्र दूध डेअरीत आहे. फार बोलत नाही, चिठ्ठ्या लिहीत नाही. संध्याकाळी आला की आधी नळाखाली स्वतःचा डबा धुतो आणि पालथा घालतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून खूप वेळ रडले, आणि त्याला वाटलं, डब्यातलं काही चुकलं.

आमू पोटात असताना, सहाव्या महिन्यात, एका दुपारी मला अशी भूक लागली की हात कापायला लागले. घरात सगळं होतं. फळी हाताच्या अंतरावर होती. तरी तिथंपर्यंत जाईतो डोळ्यांपुढं अंधारी आली. भांड्यातलं काल रात्रीचं पिठलं मी उभ्या उभ्या बोटांनी खाल्लं, आणि दुसऱ्या घासाला ती वैरणीआड बसलेली दिसली. पातळ पिठलं मागणारी.

तेव्हापासून मी विचारत असते. ऋषिराजचं त्यांच्यातल्याच मुलीशी लग्न झालं, तो पुण्याला गेला, त्याचा नंबर लागत नाही. तिच्याकडे तर स्वतःचा फोन नव्हताच. निमगाव केतकीची एक शिक्षिका भेटली, ती म्हणाली, त्या घरची थोरली सून दिसत नाही हल्ली, माहेरी असेल. माहेर कुठलं ते तिला माहीत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात इंदापूरला लग्नाला जाताना एसटी त्या घरासमोरून गेली. आमू मांडीवर झोपली होती. ओसरीवर मेथी निवडणारं कुणीतरी होतं. गोठ्याचं दार लोटलेलं होतं. मी घंटीच्या दोरीपर्यंत हात नेला… आणि खाली घेतला. उतरून काय सांगणार होते? मी कोण म्हणून? आमूला ऊन लागेल, असं स्वतःला सांगितलं. भित्र्या माणसाला मुलाचं निमित्त फार सोयीचं असतं. ऋषिराजपेक्षा मी काही वेगळी निघाले नाही.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कुणी ना कुणी त्या रस्त्यानं जात असेल. निमगाव केतकी सोडलं की कालव्याच्या अंगाला, पांढऱ्या पडलेल्या रानाला लागून त्यांचं घर आहे. मातीचा, पाण्याचा, मतदार यादीचा, कसलाही बहाणा सांगा. मागं गोठ्याकडं जा. तिथं नसेल तर घरात विचारा, शेजारी विचारा, माहेरचं गाव विचारून घ्या. राजलक्ष्मी तिचं नाव. तिसरं मूल आता अडीच-पावणेतीन वर्षांचं असेल. माझा स्टीलचा डबा तिच्याकडे आहे, झाकणावर ‘मेघना’ कोरलंय. तो परत नको. काहीतरी भरून न्या, पातळ पिठलं, मऊ भात, जे जमेल ते. सोमवारी गेलात तर फार बरं.

तिला विचारा, जेवलीस का?

ती ‘व्हय’ म्हणेल. लगेच निघू नका.